क्षयरुग्ण आणि त्यांची शुश्रूषा करणारे

(आरोग्य कर्मचारी, शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



डॉ. आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने निवर्तल्या. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे वैद्यकाची पदवी मिळवून त्यांना पुरते एक वर्षही झाले नव्हते. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील जागा त्यांच्यासाठी ठरलेली होती. ती स्वीकारण्याइतके आयुष्य त्यांना लाभले नाही. त्या वेळी त्यांचे वय अवघे २१ वर्षांचे होते. त्यांच्या आधी साठ वर्षे, ज्या लेनेक नावाच्या फ्रेंच वैद्याने १८१६ मध्ये स्टेथॉस्कोपचा शोध लावला आणि क्षयाने पोखरलेल्या शेकडो छात्यांचा आवाज जन्मभर ऐकला, तोही १८२६ मध्ये त्याच रोगाला बळी पडला होता. आनंदीबाईंना हा रोग एखाद्या रुग्णाच्या सहवासातून जडला असे म्हणण्यास काही आधार नाही. त्या काळी क्षय घरोघरी होता. परंतु रुग्णाची सेवा करणाऱ्याला रुग्णाचाच रोग होतो काय, हा प्रश्न अशा मृत्यूंमधून उभा राहत होता, आणि त्याचे उत्तर देण्यास वैद्यकशास्त्राला फार वेळ लागला.

वास्तविक उत्तर लवकर मिळावयास हरकत नव्हती. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयाचा जंतू शोधून काढल्याचे जाहीर केले होते. म्हणजे रोग संसर्गजन्य आहे हे आनंदीबाईंच्या मृत्यूपूर्वी पाच वर्षे सिद्ध झालेले होते. तरीसुद्धा विसाव्या शतकाची पहिली पंचवीस वर्षे उलटेपर्यंत बहुसंख्य तज्ज्ञांचे मत असे की, संसर्ग प्रत्येकाला बालपणीच होऊन गेलेला असतो. प्रौढ वयात जो क्षय दिसतो तो त्या जुन्या निखाऱ्यावरची राख उडाल्यामुळे; त्याचे कारण अतिश्रम, जागरण, अशक्तपणा. परिचारिका आजारी पडली तर ती फार राबली असे म्हणावयाचे, रुग्णाकडे बोट दाखवायचे नाही. रुग्णालयांच्या व्यवस्थापनाला हे मत सोयीचे होते, हेही येथे सांगितले पाहिजे. संसर्ग बालपणीचा असला म्हणजे रुग्णालयावर जबाबदारी येत नाही.

या मताला पहिला मोठा धक्का नॉर्वे देशाच्या राजधानीत, आज ज्या शहराला ओस्लो म्हणतात तेथे बसला. तेथील उलेव्हॉल रुग्णालयात योहान्नेस हाइमबेक नावाच्या डॉक्टरांनी १९२४ पासून एक साधे काम सुरू केले. परिचारिकेच्या शिक्षणासाठी दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलीच्या त्वचेवर त्यांनी ट्यूबरक्युलिनची चाचणी केली. या चाचणीने क्षय झाला आहे की नाही ते कळत नाही. क्षयाच्या जंतूशी शरीराची पूर्वी कधी गाठ पडली आहे काय, एवढेच कळते. सर्वांना बालपणीच संसर्ग होतो हे मत खरे असते तर यच्चयावत मुलींची चाचणी होकारार्थी यावयास हवी होती. प्रत्यक्षात सुमारे निम्म्या मुलींची चाचणी नकारार्थी आली. त्यांत खेड्यापाड्यांतून, स्वच्छ हवेतून आलेल्या धडधाकट मुली पुष्कळ होत्या. परंतु तीन वर्षांचा शिक्षणक्रम संपेपर्यंत त्यांच्यापैकी जवळजवळ सर्वांची चाचणी होकारार्थी झालेली होती. म्हणजे जंतूशी त्यांची गाठ रुग्णालयातच पडली होती.

पुढची गोष्ट अधिक गंभीर होती. ज्या मुली येतानाच होकारार्थी होत्या त्यांना क्षय क्वचित झाला. ज्या नकारार्थी आल्या होत्या त्यांच्यात तो फार मोठ्या प्रमाणावर झाला. सशक्त, तांबूस गालांची खेडवळ मुलगी आजारी पडते आणि शहराच्या दाटीवाटीत वाढलेली फिकट मुलगी टिकते, हे सर्वांच्या समजुतीच्या नेमके उलट होते. दोघींचे काम तेच, जागरण तेच, जेवण तेच. तेव्हा श्रमाचे कारण पुढे करण्याची सोय उरली नाही.

हाइमबेक यांनी त्यानंतर नकारार्थी मुलींना बी.सी.जी. लस देऊ केली आणि लस घेतलेल्यांमध्ये रोगाचे प्रमाण पुष्कळ उतरले. त्या काळी हे धाडसच होते. १९३० मध्ये जर्मनीतील ल्यूबेक येथे प्रयोगशाळेतील निष्काळजीपणामुळे लसीत जिवंत रोगजंतू मिसळले जाऊन ७० हून अधिक अर्भके दगावली, आणि बी.सी.जी.चे नाव पुढे कित्येक वर्षे संशयाने घेतले गेले. मात्र हाइमबेक यांच्या कामात एक उणीव होती. लस कोणी घ्यावयाची हे त्या मुलींनीच ठरविले होते. जी मुलगी होऊन लस मागते ती इतर बाबतींतही अधिक दक्ष असू शकते. मग फरक लसीचा की स्वभावाचा, हे कसे ओळखावे? या शंकेला उत्तर देण्याची रीत अद्याप रूढ व्हावयाची होती.

ती रीत रूढ झाली ब्रिटनमध्ये, आणि तीही क्षयाच्याच निमित्ताने. दुसऱ्या महायुद्धानंतर स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध अमेरिकेतून थोड्या प्रमाणात मिळू लागले. सर्वांना पुरेल इतके ते नव्हते. तेव्हा ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञांच्या सल्ल्याने असे ठरले की, कोणत्या रुग्णाला औषध द्यावयाचे हे डॉक्टरने निवडू नये. ते बंद लिफाफ्यांतील चिठ्ठ्यांवर सोपवावे. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत ज्यांनी पाहिली आहे त्यांना यातील मर्म वेगळे समजावून सांगावयास नको. चिठ्ठीला ओळखपाळख नसते, दया नसते आणि आशाही नसते. १९४८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी सहा महिन्यांत चौघे मरण पावले. केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४. हिल यांना स्वतःला पहिल्या महायुद्धातील नोकरीत क्षय झाला होता आणि त्यामुळे त्यांचा डॉक्टर होण्याचा बेत कायमचा राहिला होता, हे जाता जाता नमूद करण्यासारखे आहे.

औषधे आली, परंतु रुग्णाला ठेवावयाचे कोठे हा प्रश्न राहिलाच. भारतात त्या वेळी क्षयरुग्णालयांतील खाटा काही हजार आणि रुग्ण लाखांनी होते. आपल्याकडे मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारखी नावाजलेली आरोग्यधामे होती. तेथे जागा मिळावी म्हणून लोक महिनोन्‌महिने वाट पाहत. स्वच्छ हवा, पूर्ण विश्रांती आणि दूध-अंड्यांचा सकस आहार, हे उपचाराचे तीन आधारस्तंभ मानले जात. ज्याला खाट मिळाली नाही तो घरी परत जाई, आणि पुष्कळदा गावाबाहेरच्या खोपटात किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात त्याची पथारी पडे. सुनेला क्षय निघाला तर तिची रवानगी माहेरी होई. हे सर्व निर्दयपणाने होत असे असे नाही. भीतीने होत असे. घरातील लेकरांना रोग लागेल ही भीती निराधार म्हणता येण्यासारखीही नव्हती.

या भीतीची परीक्षा मद्रास शहरात झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास शासन, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद या चौघांनी मिळून १९५६ मध्ये तेथे एक केंद्र काढले. डॉ. वॉलेस फॉक्स यांच्याकडे त्याची सूत्रे होती. केंद्राने शहरातील गरीब वस्त्यांतून थुंकीत जंतू असलेले १९३ रुग्ण घेतले आणि त्यांची चिठ्ठ्यांनी दोन गटांत विभागणी केली. एका गटाला वर्षभर आरोग्यधामात ठेवले. दुसऱ्या गटाला औषधे देऊन घरी पाठविले. औषधे दोन्हीकडे तीच: आयसोनायझिड आणि पी.ए.एस. बाकी सारे निराळे. आरोग्यधामात खाट, विश्रांती आणि पोटभर सकस अन्न. घरी दहा बाय दहाची खोली, पाचसात माणसे, आणि बरे वाटू लागताच मजुरीला जाणे. आहारातील हा फरक संशोधकांनी मोजून ठेवला होता. घरी औषध खरोखर घेतले जाते काय हे पाहण्यासाठी आरोग्य कर्मचारी अवचित घरी जात आणि लघवीची तपासणी करीत. पी.ए.एस.ची चव इतकी वाईट आणि मात्रा इतकी मोठी असे की, ही देखरेख अनाठायी नव्हती.

१९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा जगभरच्या क्षयतज्ज्ञांना ते पुन्हा पुन्हा वाचावे लागले असतील. वर्षाअखेर आरोग्यधामातील ९२ टक्के रुग्णांचा रोग आटोक्यात आला होता. घरच्या रुग्णांपैकी ८६ टक्क्यांचा. पाच वर्षे पाठपुरावा केल्यावर दोन्ही गटांत सांगण्यासारखा फरक उरला नाही. आरोग्यधामातील रुग्णांचे वजन अधिक वाढले होते हे खरे, पण बरे होण्याच्या बाबतीत त्याने फारसे काही साधले नव्हते.

यापेक्षाही महत्त्वाचा निष्कर्ष कुटुंबीयांविषयी होता. रुग्ण ज्यांच्या घरातच राहिला आणि ज्यांच्या घरातून तो वर्षभर दूर गेला, अशा दोन्ही प्रकारच्या कुटुंबांतील माणसांवर संशोधकांनी पाच वर्षे नजर ठेवली. घरी उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या कुटुंबीयांत क्षयाचे प्रमाण अधिक आढळले नाही. जे आजारी पडले त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा आजार सुरुवातीच्या काळातच दिसून आला. याचा अर्थ, त्यांना संसर्ग झाला होता तो रुग्णाचे निदान होण्यापूर्वी, तो नुसताच खोकत असताना आणि कोणालाच काही ठाऊक नसताना.

असे का व्हावे याचा उलगडा त्याच सुमारास अमेरिकेतील बाल्टिमोर येथे होत होता. तेथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात रिचर्ड रायली आणि विल्यम वेल्स यांनी क्षयरुग्णांच्या सहा खोल्यांतील हवा नळांवाटे माळ्यावर नेली आणि तेथे सुमारे दीडशे गिनीपिग ठेवले. या प्राण्यांचा रुग्णांशी दुसरा कोणताही संबंध नव्हता. भांडी नाहीत, अंथरूण नाही, स्पर्श नाही. संबंध होता तो केवळ हवेचा. दर महिन्याला सरासरी तीन गिनीपिगना संसर्ग होत गेला. दुसऱ्या एका दालनात हीच हवा अतिनील किरणांतून नेऊन सोडली होती. तेथील प्राणी सुरक्षित राहिले. रुग्णाची थाळी वेगळी ठेवण्याची, त्याचा पेला कोणी उचलू नये म्हणून लाल दोरा बांधण्याची जी प्रथा घराघरांत होती, तिचा पायाच या माळ्यावरील प्राण्यांनी काढून घेतला. क्षय थाळीतून जात नाही. तो श्वासातून जातो.

याच प्रयोगात आणखी एक गोष्ट ध्यानात आली. सगळे रुग्ण सारखे संसर्ग पसरवीत नव्हते. थोडेच रुग्ण बहुतेक संसर्गांना कारणीभूत होते, आणि ज्यांना लागू पडणारे औषध सुरू झालेले होते त्यांच्यापासून संसर्ग फारच कमी होत होता. मद्रासच्या घरांत काय घडले होते ते यावरून कळून येते. औषध पोटात गेले की घरच्यांचे संरक्षण तेथूनच सुरू होते. धोका आहे तो निदान न झालेल्या खोकल्यापासून, आणि निदान झालेले असले तरी चुकीचे किंवा अर्धवट औषध घेणाऱ्यापासून.

मद्रासच्या निष्कर्षावर भारताचा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम १९६२ मध्ये उभा राहिला. आरोग्यधामे हळूहळू रिकामी झाली. याच केंद्राने पुढे आठवड्यातून दोन वेळा, कर्मचाऱ्याच्या डोळ्यांदेखत औषध देण्याची पद्धत तपासून पाहिली, आणि १९९७ मध्ये देशात सुरू झालेल्या सुधारित कार्यक्रमाला तिचा आधार मिळाला. गोरगरिबांच्या दृष्टीने हा मोठा लाभ होता. मात्र त्याचा एक परिणाम असा झाला की, रुग्णाची जागा रुग्णालयातून घरात गेली, आणि त्याच्याबरोबर आरोग्य कर्मचारीही दारोदार जाऊ लागला. ओस्लोची परिचारिका निदान एका इमारतीत तरी होती. आपली आरोग्यसेविका आणि आता आशा स्वयंसेविका अशा घरात पाऊल टाकते, जेथे कोण खोकते आहे आणि कशाने, हे तिला अद्याप माहीत नसते.

या कर्मचाऱ्यांचे काय, हा प्रश्न महाराष्ट्रातच विचारला गेला. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे, डॉ. सुशीला नायर यांनी उभारलेल्या या संस्थेच्या कस्तुरबा रुग्णालयात आसपासच्या खेड्यांतील रुग्ण येतात. तेथे २००४ च्या जानेवारी ते मे या काळात ७२६ आरोग्य कर्मचाऱ्यांची तपासणी झाली. डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी, प्रयोगशाळेतील कर्मचारी, परिचर, सगळे त्यात होते. डॉ. मधुकर पै आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येकाची दोन रीतींनी परीक्षा केली: एक हातावरची जुनी ट्यूबरक्युलिन चाचणी आणि दुसरी रक्ताची नवी चाचणी. त्वचेच्या चाचणीविरुद्ध एक जुनी तक्रार होती की, बालपणी बी.सी.जी. टोचलेली असली तर ती चाचणी फसवते. आपल्या देशात तर बी.सी.जी. बहुतेकांना टोचलेली. तेव्हा महागडी रक्तचाचणी आणली नाही तर काहीच कळणार नाही काय?

२००५ मध्ये उत्तर प्रसिद्ध झाले. त्वचेच्या चाचणीने ४१ टक्के कर्मचारी संसर्ग झालेले निघाले, रक्ताच्या चाचणीने ४० टक्के. दोहोंपैकी एका तरी चाचणीने होकारार्थी आलेले बरोबर निम्मे होते. बालपणीच्या बी.सी.जी.चा त्वचेच्या चाचणीवर फारसा परिणाम दिसला नाही. म्हणजे काही पैशांचे औषध टोचून होणारी जुनी चाचणी टाकाऊ ठरली नाही, ही ग्रामीण रुग्णालयांच्या दृष्टीने फार मोलाची माहिती होती. वय आणि आरोग्यसेवेत घालविलेली वर्षे जसजशी वाढत, तसतसे संसर्गाचे प्रमाणही वाढत होते. हाइमबेक यांनी ऐंशी वर्षांपूर्वी जे ओस्लोत पाहिले त्याचेच हे वऱ्हाड-विदर्भाच्या मातीतील रूप.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अगत्याचे आहे, कारण अशा आकड्यांचा बाऊ लवकर होतो. संसर्ग म्हणजे रोग नव्हे. ज्याला संसर्ग झाला आहे अशा शंभर जणांपैकी साधारण पाच ते दहा जणांना पुढे जन्मभरात केव्हातरी रोग होतो. बाकीच्यांच्या शरीरात जंतू निद्रिस्त राहतो आणि त्यांच्यापासून कोणालाही बाधा होत नाही. सेवाग्रामच्या परिचारिकेपासून दूर सरकण्याचे कारण नाही. तिला दोनतीन आठवडे खोकला राहिला तर तो ‘कामाचा शीण’ म्हणून सोडून देऊ नये, एवढेच. शंभर वर्षांपूर्वी तज्ज्ञ जे म्हणत होते तेच आज पुष्कळ कर्मचारी स्वतःविषयी म्हणताना दिसतात, हे मात्र नवलच.

लसीच्या बाबतीत आशा धरावी काय, असे कोणी विचारील. तामिळनाडूतील चिंगलपेट भागात १९६८ पासून सुमारे अडीच लाख लोकांवर बी.सी.जी.ची फार मोठी चाचणी झाली. बालकांना मेंदूच्या क्षयासारख्या भयंकर प्रकारांपासून ही लस वाचविते हे अन्यत्र दिसून आले आहे व म्हणून ती देणे चालूच आहे. परंतु प्रौढांच्या फुफ्फुसाच्या क्षयाला ती आवर घालीत नाही, असे चिंगलपेटला दिसले. कोविडच्या साथीत हीच लस आरोग्य कर्मचाऱ्यांना त्या रोगापासून वाचवील अशी चर्चा झाली, तेव्हा निरनिराळ्या देशांतील सुमारे ४,००० कर्मचाऱ्यांवर चिठ्ठ्या टाकून प्रयोग करण्यात आला. २०२३ मध्ये निष्कर्ष आला: वाचवीत नाही. असे नकारार्थी निष्कर्ष वर्तमानपत्रांत कोपऱ्यात छापले जातात, पण भ्रम दूर करण्याचे त्यांचे काम थोडे नसते.

खिडकीची गोष्ट मात्र आशादायक आहे. पेरू देशाची राजधानी लिमा येथील आठ रुग्णालयांतील ७० खोल्यांची हवा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजली गेली. खिडक्या-दारे उघडी ठेवली तर खोलीतील हवा तासाला सरासरी २८ वेळा बदलत होती; यंत्राने हवा खेळविलेल्या खोल्यांत १२ वेळा. सर्वांत चांगल्या ठरल्या १९५० पूर्वी बांधलेल्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती. आपल्याकडील जुनी नगरपालिका रुग्णालये आणि शाळा अशाच बांधणीच्या आहेत. नव्या उपकेंद्राचा नकाशा मंजूर करताना बैठकीत फरशीचा रंग चर्चिला जातो. रुग्ण ज्या बाकावर बसून वाट पाहतो त्याच्या समोरासमोर दोन खिडक्या आहेत काय, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. वास्तविक परिचारिकेच्या आरोग्याच्या दृष्टीने हा अंदाजपत्रकातील सर्वांत स्वस्त भाग असतो.

आता अन्नाच्या प्रश्नाकडे वळावयास हवे. मद्रासच्या अभ्यासाचा अर्थ पुष्कळांनी असा लावला की, क्षयरुग्णाला अन्नाची गरज नाही, गोळ्या पुरेत. अभ्यासाने तसे म्हटलेले नव्हते. औषध नियमित घेतले तर अपुऱ्या आहारावरही थुंकीतील जंतू नाहीसे होतात, एवढेच त्याने दाखविले होते. ज्याच्या घरी चूल दिवसातून एकदाच पेटते त्याच्या बायकोला आणि मुलाला उद्या हा रोग होईल काय, हा प्रश्न त्या वेळी वेगळा विचारला गेला नाही. तो विचारावयास साठ वर्षे लागली.

झारखंडमधील चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो विचारला. या अभ्यासात २,८०० क्षयरुग्ण आणि त्यांच्या घरांतील १०,३४५ माणसे होती. प्रत्येक रुग्णाला दरमहा १० किलो शिधा मिळत असे. त्यात तांदूळ, दुधाची भुकटी आणि तेल यांचा समावेश होता, आणि सोबत जीवनसत्त्वांच्या गोळ्या. ज्या केंद्रांची चिठ्ठी निघाली त्यांच्या हद्दीतील रुग्णांच्या कुटुंबीयांनाही दरमहा माणशी पाच किलो तांदूळ व दीड किलो डाळ देण्यात आली. उरलेल्या केंद्रांच्या हद्दीत शिधा फक्त रुग्णापुरता राहिला. भुकेल्या घरांतून अशी निवड करणे योग्य काय, असे एखाद्या शिक्षकाला वाटेल. असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु रुग्णाला दोन्हीकडे अन्न मिळत होते, आणि कुटुंबालाही शिधा दिल्याने रोग टळतो हे तोपर्यंत कोणी सिद्ध केलेले नव्हते. सिद्ध न झालेल्या गोष्टीवर कोणतेही शासन सहसा खर्च करीत नाही.

हा अभ्यास ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या कुटुंबांना शिधा मिळाला त्यांच्यात क्षयाचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी कमी आढळले. थुंकीतून पसरणाऱ्या, म्हणजे संसर्गजन्य क्षयाचे तर ४८ टक्क्यांनी. तांदूळ आणि डाळ यांनी हे साधले. ज्या रुग्णांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढले त्यांच्यात मृत्यूही कमी झाले. तेव्हा मद्रासचा निष्कर्ष खोटा ठरला नाही आणि आरोग्यधामाच्या जुन्या डॉक्टरांचा अन्नावरील विश्वासही सर्वस्वी चुकीचा नव्हता. एकाने रुग्णाची थुंकी पाहिली होती, दुसऱ्याने त्याच्या घरचे ताट.

केंद्र शासनाच्या निक्षय पोषण योजनेत रुग्णाला २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत असत. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० रुपये करण्यात आले. ही रक्कम खात्यात वेळेवर पडते काय हे पाहण्याचे काम तालुक्याच्या कार्यालयाइतकेच ग्रामपंचायतीचेही मानले पाहिजे, कारण वजन वाढावयास हवे ते पहिल्या दोन महिन्यांतच, आणि सहाव्या महिन्यात एकदम आलेल्या पैशाचा त्या दृष्टीने उपयोग नाही. रुग्णाच्या घरातील निरोगी माणसांना प्रतिबंधक औषध देण्याची तरतूदही आता आहे. निदानासाठी थुंकी तालुक्याला पाठवून आठवडा-आठवडा वाट पाहण्याची गरजही पुष्कळ ठिकाणी उरलेली नाही. गोव्यातील कंपनीचे ट्रूनॅट यंत्र दोनेक तासांत उत्तर देते.

मार्च २०२३ मध्ये क्षयमुक्त पंचायत ही मोहीम देशात जाहीर झाली. तिच्या अटींपैकी एक अशी की, गावात हजार लोकसंख्येमागे वर्षात एकाहून अधिक क्षयरुग्ण नसावा. ही अट एकटीच असती तर ती घातक ठरली असती. गावाच्या नावासाठी रुग्ण लपविण्याचा मोह झाला असता, आणि लपलेला रुग्ण किती महाग पडतो ते मद्रास व बाल्टिमोर यांनी दाखविलेच आहे. सुदैवाने तिच्या जोडीला दुसरी अट आहे: हजार लोकांमागे निदान ३० संशयितांची तपासणी झालेली असली पाहिजे. गावातील या ३० जणांची यादी ग्रामसभेपुढे येईल तेव्हा ती बारकाईने पाहावी. तीत गवंडी असतील, वीटभट्टीवरचे मजूर असतील, म्हातारी माणसे असतील. त्या घराघरांतून फिरून ज्या आशा स्वयंसेविकेने ही यादी केली, तिला स्वतःला महिनाभर खोकला असेल, तर तिचेही नाव तीत आहे काय, हे सरपंचांनी तिला विचारावे.